दुरंगी बॉलचा कागदी डिस्प्ले घरी बनेल का, आणि पाणीपातळीच्या बोर्डाला चालेल का?

तुझा प्रश्न लांबलचक होता, मी थोडक्यात असा समजतोय. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, राहायला सांगलीत, कुठंतरी जायरिकॉनबद्दल वाचलंस, म्हणजे तो अर्धे काळे अर्धे पांढरे बारीक बॉल फिरवून अक्षरं दाखवणारा डिस्प्ले, आणि आता प्रोजेक्टला तोच करायचा म्हणतोयस. पुढं विचारलंस की त्याचा मोठा बोर्ड करून आयर्विन पुलाच्या बाजूला कृष्णेची पातळी दाखवता येईल का, लाइट गेली तरी आकडा तसाच राहील असा. आणि तिसरं, मामांच्या कोल्ड स्टोअरेजला बेदाण्याच्या लॉटवर लावायचे टॅग यातून होतील का. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी आहेत. मी कुपवाड एमआयडीसीत डिस्प्ले बोर्डच बनवतो, कारखान्यांच्या वजनकाट्याचे, मिरजेतल्या दवाखान्यांचे टोकनचे वगैरे, त्यामुळं पुस्तकातलं कमी आणि हातातलं जास्त सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तुला बॉल नकोयत, तुला करंट बंद झाल्यावर टिकणारं चित्र पाहिजे. बॉल हा ते मिळवायचा एक रस्ता होता, तोही चांगला होता, पण मागं पडला. का पडला ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतंय.

हा प्रकार काढला निकोलस शेरिडन यांनी, 1970 च्या दशकात, कॅलिफोर्नियात झेरॉक्सचं पालो अल्टोचं रिसर्च सेंटर आहे तिथं. तिथंच 1973 मध्ये आल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला होता, पण त्याचा पडदा म्हणजे जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, खिडकीतनं उजेड आला की काही दिसायचं नाही. मग उजेडातच चांगला दिसेल असा पडदा शोधताना ही कल्पना आली. झेरॉक्स पडली कागद आणि प्रिंटिंगवाली कंपनी, डिस्प्लेत त्यांना रस नव्हता, त्यामुळं काम बरीच वर्षं बाजूला पडलं आणि पुन्हा हातात घेईपर्यंत 1980 चं दशक संपत आलं होतं. शेवटी 2000 मध्ये जायरिकॉन मीडिया म्हणून वेगळी कंपनी काढली, दुकानातले भावफलक आणि हॉलबाहेरच्या पाट्या असला माल त्यांनी बाजारात आणला, अमेरिकेत मेसीजच्या दुकानात ट्रायलही झाली, आणि 2005 ला कंपनी बंद. इतिहास एवढाच पुरे, व्हायव्हाला विचारला तर सांग.

आता आतलं काम बघ, ते भारी आहे. एकेक बॉल साधारण 75 ते 106 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. अर्धा पांढऱ्या प्लॅस्टिकचा, अर्धा काळ्या. हे बॉल सिलिकोनच्या पारदर्शक शीटमध्ये असतात आणि प्रत्येक बॉलभोवती तेलाची स्वतःची छोटी पोकळी असते, म्हणून तो जागच्या जागी फिरू शकतो. तेलात बुडालेल्या पृष्ठभागावर थोडा चार्ज तयार होतोच, आणि पांढऱ्या भागाचं मटेरियल वेगळं, काळ्याचं वेगळं, त्यामुळं एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण असा बॉल तयार होतो. शीटच्या पुढं पारदर्शक कंडक्टिंग थर, मागं इलेक्ट्रोड, व्होल्टेज एका दिशेनं दिलं की पांढरी बाजू पुढं, उलटं दिलं की काळी. पाणी का नको तेलच का, तर पाण्यात आयन असतात, करंट वाहत बसेल आणि फील्ड बॉलपर्यंत नीट पोचणारच नाही.

आणि चित्र टिकतं कसं? नुसता तेलात तरंगणारा बॉल असता तर धक्का बसला की फिरला असता. बॉलवर फिरवणाऱ्या चार्जबरोबर थोडा एकूण चार्जही शिल्लक असतो, त्यामुळं व्होल्टेज दिलं की तो फिरत फिरत पोकळीच्या एका भिंतीकडं जातो आणि तिथं चिकटून बसतो. व्होल्टेज काढलं तरी चिकटलेला राहतो. सोडवायला ठराविक व्होल्टेजच्या वर जावं लागतं. हे चिकटणं म्हणजेच त्याची मेमरी, दुसरं काही नाही. हे लक्षात ठेव, पुढं तुझ्या प्रोजेक्टला हेच कामाला येणारंय.

बनवायचं कसं तेही ऐक म्हणजे घरी का जमत नाही ते कळेल. एक चकती वेगानं फिरवायची, वरच्या बाजूला वितळलेलं पांढरं मेणासारखं पॉलिइथिलिन सोडायचं, पांढरेपणासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, आणि खालच्या बाजूला काळं. दोन्ही कडेला येऊन एकत्र होतात, कडेवरनं बारीक धारा सुटतात, धारा तुटून थेंब होतात आणि हवेत उडताउडताच थंड होऊन दुरंगी बॉल पडतात. वाचायला सोपं वाटतंय पण दोन्ही रंगांची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, सारखी नसेल तर एक रंग दुसऱ्याला गुंडाळून टाकतो, वेग चुकला तर थेंब लहानमोठे, मग चाळण्या लावून साइज वेगळे करत बसायचं. पुढं ते बॉल कच्च्या सिलिकोनमध्ये मिसळून शीट ओतायची, ती घट्ट झाली की तेलात बुडवून ठेवायची. सिलिकोन तेल पितं आणि फुगतं, बॉल तेल पीत नाही. बियांची मनुका पाण्यात टाकली की गर फुगतो आणि बी आहे तेवढीच राहते, तसंच. सिलिकोन चहूबाजूंनी वाढलं की बॉलभोवतीची जागा मोठी होते आणि त्या फटीत तेल भरतं. मला विचारशील तर या सगळ्यात खरी हुशारी या स्टेपची आहे, लाखो पोकळ्या एकेक करून कुणी कोरल्या असत्या?

मग एवढं सगळं जमत असताना मागं का पडलं. लोक म्हणतात कंपनीनं वेळ घालवला, ते आहेच, पण माझ्या मते मुख्य कारण पांढरेपणा. गोल बॉल शेजारीशेजारी कितीही दाबून बसवले तरी मध्ये फटी राहतात, त्यातनं उजेड मागं निघून जातो. त्यात पांढरा भाग म्हणजे नुसता अर्धा बॉल, त्याची जाडी कमी, उजेड त्यातनं आत शिरतो आणि पाठीमागच्या काळ्या भागात गडप. त्यामुळं पांढरं म्हणून जे दिसतं ते मळकट राखाडी. बॉलचे दोन-तीन थर टाकले तर पांढरेपणा वाढतो पण शीट जाड होते, आणि शीट जाड झाली की तेवढंच फील्ड मिळवायला व्होल्टेज वाढवावं लागतं. म्हणजे एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. आधीच या शीटला शंभर व्होल्टच्या आसपास लागायचे. पाटीला ते चालतं, पण पुस्तक वाचायच्या पडद्याला प्रत्येक पिक्सेलमागं काचेवरचा बारीक ट्रान्झिस्टर लागतो आणि त्याला शंभर व्होल्ट झेपत नाहीत.

त्याच सुमारास 1997 मध्ये एमआयटीतनं ई इंक निघाली. त्यांनी बॉल फिरवायचा नादच सोडला. बारीक कॅप्सूल, आत पारदर्शक तेल, त्यात पांढरे आणि काळे कण, एकाला धन चार्ज एकाला ऋण, व्होल्टेज दिलं की एक वर येतो दुसरा खाली जातो. आता गंमत बघ, त्यांची कॅप्सूलही साधारण त्या बॉलच्याच मापाची असते. पण बॉल फिरला की अख्खा फिरतो, आणि कॅप्सूल मात्र अर्धी काळी अर्धी पांढरी दिसू शकते, कारण आतले कण तिच्यापेक्षा लय बारीक. म्हणजे अक्षराची कड कॅप्सूलच्या मधनं जाऊ शकते. राखाडीच्या 16 छटा त्यातच जमल्या, बॉल अर्धवट फिरवून तिथंच थांबवणं काही कुणाला नीट जमलं नाही. व्होल्टेज लागलं 15 च्या आसपास, ट्रान्झिस्टर खूश. 2004 ला सोनीचं लिब्री हे पुस्तकं वाचायचं यंत्र आलं, 2007 ला किंडल, बाकी तुला माहितीय.

हां, बॉलचं एक चांगलं होतं, ते ठरावीक व्होल्टेजच्या खाली हलतच नाहीत म्हणून रो-कॉलमच्या तारांवरही चित्र काढायची सोय होती. ई इंकला ती ठरावीक व्होल्टेजची मर्यादा एवढी साफ नाही, म्हणून तिथं ट्रान्झिस्टर लागतातच.

आता तुझं पहिलं, घरी करायचं का. खरं सांगू, पूर्ण जायरिकॉन शीट करायच्या मागं लागू नकोस. तयार दुरंगी बॉल परदेशात रिसर्चसाठी ग्रॅमवर विकत मिळतात, ते मागवून एक-दोन चौरस इंचाची शीट करता येईल, अगदीच हौस असेल आणि कॉलेजच्या लॅबमध्ये व्हॅक्युम पंप असेल तर कर. सिलगार्ड 184 सारखं दोन भागांचं सिलिकोन दहास एक प्रमाणात, बॉल टाकल्यावर व्हॅक्युममध्ये हवा काढलीच पाहिजे, नाहीतर बुडबुडे आणि बॉल वेगळे ओळखू येणार नाहीत. आणि क्युअर करताना घाई करून ओव्हन शंभर डिग्रीला लावू नकोस, सिलिकोनला ते चालतं पण तुझे बॉल मेणासारख्या पॉलिइथिलिनचे असले तर नरम पडतील. खोलीच्या तापमानाला दोन दिवस ठेवलं तरी ते घट्ट होतं. मग पातळ सिलिकोन ऑइलमध्ये रात्रभर. पुढंमागं आयटीओ कोटिंगची, म्हणजे पारदर्शक कंडक्टिंग थराची काच, आणि शंभर-दीडशे व्होल्टच्या सप्लायला मोठा सिरीज रेझिस्टर लाव, मेगाओममध्ये. शीटला करंट जवळपास लागतच नाही, त्यामुळं रेझिस्टरनं काही बिघडत नाही आणि चुकून हात लागला तर जीव वाचेल. हे गाइडला विचारल्याशिवाय करायचं नाही.

पण मी तुझ्या जागी असतो तर हेच तत्त्व मोठ्या साइजला आणि मॅग्नेटवर केलं असतं. परीक्षकाला शंभर मायक्रॉनचा बॉल दिसत नाही, वीस-पंचवीस मिलिमीटरचा दिसतो. थ्रीडी प्रिंटरवर अर्धा गोळा पांढरा, अर्धा काळा काढ, मध्ये एक छोटं निओडायमियम मॅग्नेट असं बसव की एक पोल पांढऱ्या बाजूला एक काळ्या बाजूला, दोन्ही अर्धे चिकटव, आणि वाटीसारख्या सॉकेटमध्ये थोडं सिलिकोन ऑइल टाकून त्यात ठेव. सॉकेटखाली लोखंडी खिळा, खिळ्यावर कॉइल. करंट एका दिशेनं सोडला की खिळ्याचं टोक उत्तर, उलटा सोडला की दक्षिण, बॉल फिरतो. आता करंट बंद कर. बॉलमधलं मॅग्नेट त्या साध्या खिळ्याला स्वतःहून ओढून धरतं, कुठलाही पोल खाली असला तरी. म्हणजे दोन्ही अवस्था पक्क्या, तुझी मेमरी फुकट तयार.

यात खेळायला काय आहे ते बघ. खिळा वर सरकवला, बॉलच्या जवळ आणला की पकड घट्ट होते, टेबल हलवलं तरी बॉल हलत नाही, पण फिरवायला करंट जास्त लागतो. खाली नेला की थोड्या करंटमध्ये फिरतो पण धक्क्यानं मेमरी जाते. जायरिकॉनमध्ये भिंतीला चिकटण्याचं जे गणित आहे तेच हे, फक्त डोळ्यांना दिसणारं. अंतर विरुद्ध फिरवायला लागणारा करंट असा ग्राफ काढ, रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं पान तेच होईल.

दोन अडचणी येणार, आत्ताच सांगतो. बॉल अगदी सरळ उभा असला तर उलट पल्स दिल्यावर त्याला वळायचं कुठल्या बाजूला तेच कळत नाही, टॉर्क शून्य असतो, मग तो थरथरतो आणि तसाच बसतो. खिळा मधोमध न ठेवता किंचित बाजूला ठेव, बॉल थोडा कलून बसतो आणि मग नक्की फिरतो. दुसरी म्हणजे शेजारी. एका बॉलचं मॅग्नेट शेजारच्याला ओढतं, जवळजवळ लावलेस तर एक फिरवल्यावर दोन फिरतील. फील्ड अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं, त्यामुळं थोडं अंतर वाढवलं तरी लय फरक पडतो, आधी दोनच बॉल घेऊन अंतर ठरव आणि मगच पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, काढ. ड्रायव्हरला एच-ब्रिज, म्हणजे करंटची दिशा बदलणारं सर्किट लागणार कारण करंट उलटसुलट पाहिजे, नुसतं यूएलएन 2003 ही ड्रायव्हर चिप घेऊन बसू नकोस, ते एकाच दिशेचं काम. पल्स शंभर मिलिसेकंदापासून सुरू कर, मग कमी करत जा. सगळे बॉल एकदम फिरवायची गरज नाही, एकेक करून फिरव, म्हणजे सप्लाय छोटा पुरतो.

तुला वाटेल मी काही नवीन सांगितलं, तसं नाही. फ्लिप-डॉट बोर्ड याच तत्त्वावर चालतात, 1961 पासून आहेत, कॅनडातल्या फेरांती-पॅकार्डनं काढलेले. बॉलऐवजी पातळ चकती, एका बाजूला काळी आणि दुसऱ्या बाजूला पिवळसर चमकणारी. परदेशात बसच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं हेच होतं.

आता नदीच्या बोर्डाकडं येऊ, मला तुझ्या प्रश्नात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला. आपल्याकडं पावसाळ्यात पूल बघायला जाणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, किती झालं. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावात अर्ध्या भागात लाइट नव्हती. त्यामुळं करंटशिवाय आकडा टिकणारा बोर्ड ही कल्पना ऐकायला एकदम बरोबर वाटते.

पण थांब. लाइट गेली, सेन्सर बंद पडला, आणि बोर्डावर 38 फूट तसंच राहिलं. पाणी 43 वर गेलंय आणि लांबनं बघणारा म्हणतोय अजून इशाऱ्याच्या खाली आहे, जेवण करून मग सामान हलवू. एलईडीचा बोर्ड असता तर विझला असता आणि माणसाला कळलं असतं की हा बंद आहे, दुसरीकडं विचारू. टिकणारं चित्र खोटं कधी झालं ते बघणाऱ्याला कळत नाही. भावफलकावर जुना भाव राहिला तर दुकानदाराशी भांडण होतं, इथं घरात पाणी शिरतंय. वजनकाट्याच्या डिस्प्लेला आम्ही मुद्दाम असलं काही वापरत नाही त्याचं कारणही हेच, आधीच्या ट्रॅक्टरचं वजन पुढच्या ट्रॅक्टरला दिसलं की झालं मग.

म्हणून असला बोर्ड करायचाच असेल तर मरताना स्वतःला पुसून जाईल असा कर. म्हणजे सप्लाय गेला किंवा सेन्सरकडनं ठरलेल्या वेळात रीडिंग आलं नाही की सगळे सेगमेंट काळे, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आडव्या रेघा. त्याला शेवटची थोडी एनर्जी साठवून ठेवावी लागते. हिशोब सोपा आहे. चार आकडे, प्रत्येकी सात सेगमेंट म्हणजे पट्ट्या, म्हणजे 28 कॉइल. एका कॉइलला 12 व्होल्ट, अर्धा अँपिअर, शंभर मिलिसेकंद धरलं तर 0.6 ज्यूल, सगळ्या मिळून 17 ज्यूलच्या आत. 1 फॅरडची सुपरकॅपॅसिटरची बँक 12 वरनं 9 व्होल्टला येईपर्यंत साधारण 31 ज्यूल देते, म्हणजे एकदा पुसून बरीच शिल्लक राहील एवढी. एक सुपरकॅपॅसिटर 2.7 व्होल्टचाच असतो त्यामुळं 5 फॅरडचे पाच सिरीजमध्ये, प्रत्येकावर बॅलन्सिंगचा रेझिस्टर, तो विसरलास तर एखादा फुगेल. बॅटरी आहे की मग हे कशाला असं म्हणशील, तर बॅटरी उतरत जाताना हळूहळू उतरते आणि कॉइल फिरवायची ताकद आधी जाते, प्रोसेसर मात्र चालूच राहतो आणि त्याला वाटतं मी पुसलं.

शिवाय आकड्याबरोबर रीडिंगची वेळही दाखव. दोन आकडे तास, दोन मिनिटं, एवढं पुरे. बघणारा घड्याळ बघून स्वतः ठरवेल.

साइजचं बोलू. साधा नियम असा की आरामात वाचायचं तर दर दहा फुटांना अक्षराची उंची एक इंच. शंभर फुटांवरनं वाचायचं असेल तर दहा इंची आकडा. आपल्याला सहज मिळणारं ई-पेपर, म्हणजे त्या ई इंक प्रकारचं पॅनेल अख्खंच साडेसात इंचाचं, त्यामुळं नदीकाठी ते विसर. मोठे सेगमेंटवाले मॅग्नेटिक डिस्प्ले घे किंवा वर सांगितल्याप्रमाणं सेगमेंट स्वतः बनव. आणि हे सगळे रिफ्लेक्टिव्ह प्रकार, म्हणजे पडलेला उजेड परत फेकणारे, भर उन्हात एलईडीपेक्षा छान दिसतील पण रात्री अंधारात काहीच नाही. पूर दिवस बघून येत नाही. वरनं एक छोटा एलईडी दिवा सोडावाच लागणार, मग त्याला बॅटरी आलीच, आणि करंट न लागण्याचा अर्धा फायदा तिथंच गेला. हे मान्य करून पुढं जा, रिपोर्टमध्ये लपवू नकोस, परीक्षक विचारणारच.

आणि एक, हा बोर्ड कॉलेजात दाखव, पुलावर परस्पर लावू नकोस. अधिकृत पातळी पाटबंधारे खात्याकडनं येते, शेजारी तुझा आकडा वेगळा दिसला तर लोकांचा गोंधळ होईल. सेन्सर हा वेगळाच विषय आहे, त्यात इथं शिरत नाही.

राहिलं कोल्ड स्टोअरेज. इथं मात्र तयार ई-पेपर डोळे झाकून घे, बॉल नको नि मॅग्नेट नको. माणूस हातभर अंतरावरनं वाचतो, लॉटची माहिती आठवड्यातनं एखाद्या वेळेस बदलते, आत उजेड असला की झालं. 2.9 इंची काळं-पांढरं पॅनेल, 296 बाय 128 पिक्सेलचं, एसपीआय या मोजक्या तारांच्या जोडणीवर चालतं, लॉट नंबर, शेतकऱ्याचं नाव, पेट्या, तारीख एवढं आरामात बसतं. लाल रंगवालं घ्यायचा मोह होईल, घेऊ नकोस. त्याला एक रिफ्रेश करायला पंधरा सेकंद किंवा जास्तच लागतात आणि थंडीत ते अजून सुस्त होतं, कारण आतलं तेल थंडीत घट्ट होतं आणि लाल कण हळू चालणारे. काळ्या-पांढऱ्याला बहुतेक 0 ते 50 डिग्री चालतं, ड्रायव्हर चिपमध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि त्याप्रमाणं ती व्होल्टेजचे पल्स बदलते. शून्याच्या खालच्या खोलीत मात्र हे लावायचं नाही.

बॅटरीचा हिशोब बघ, इथं बरीच पोरं चुकीच्या जागी डोकं लावतात. पॅनेलचं एक रिफ्रेश म्हणजे साधारण 26 मिलिवॉट गुणिले दोन सेकंद, ज्यूलचा विसावा भाग. सीआर 2450 च्या बटण सेलमध्ये साडेसहा हजार ज्यूलच्या आसपास असतात. म्हणजे नुसत्या डिस्प्लेचा विचार केला तर सेल संपायचंच नाव घेणार नाही. पण ईएसपी 32 या वायफायवाल्या कंट्रोलर चिपनं वायफायला जोडून तीन सेकंद डेटा घेतला की तिथंच एक ज्यूल गेला, एका रिफ्रेशच्या वीसपट. वर बटण सेलला वायफायचा शेकडो मिलिअँपिअरचा झटका झेपतच नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि बोर्ड रिसेट होत राहतो. मग पोरं म्हणतात पॅनेल खराब आहे. डेव्हलपमेंट बोर्डवर तर डीप स्लीपमध्येसुद्धा रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप करंट पीत बसलेल्या असतात, चिपच्या डेटाशीटमधले दहा मायक्रोअँपिअर तुला तिथं दिसणार नाहीत, मीटर लावून मोज. त्यामुळं कमी पॉवरचं ब्लूटूथ घे, किंवा त्याहून सोपं म्हणजे टॅगमध्ये रेडिओच ठेवू नकोस, माल आत घेताना दारातच वायर जोडून लिहायचं. इन्सुलेटेड पॅनेलच्या खोल्यांना दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, आत वायफाय तसंही धड पोचत नाही.

रिफ्रेशचंही सांगून ठेवतो. अर्धवट रिफ्रेश सारखं सारखं केलं की आधीच्या अक्षरांची सावली राहते, अधूनमधून पूर्ण काळं-पांढरं करून घे. काम झालं की पॅनेलला स्लीपची कमांड दे, हाय व्होल्टेज चालू ठेवून दिलंस तर पॅनेल कायमचं खराब होतं. आणि इथल्या टॅगलाही जुन्या माहितीचा तोच धोका आहे, लॉट उचलला आणि टॅग तसाच राहिला तर, म्हणून माल बाहेर जाताना टॅग पुसल्याशिवाय गेटपास निघणार नाही असं सॉफ्टवेअरमध्येच बांध.

मामांनी उद्या हळदीच्या गोडाऊनलाही लावू म्हटलं तर टॅगवर साधी पारदर्शक पिशवी चढव, बदलता येईल अशी. हळदीची धूळ प्लॅस्टिकला पिवळं करते आणि पुसून निघत नाही, उन्हात ठेवलं तर रंग उडतो पण ई-पेपर त्यासाठी उन्हात ठेवायचं नसतं.

आधी दोन बॉल आणि एक एच-ब्रिज एवढंच जुळव, ते फिरायला लागले की खिळ्याचं अंतर आणि करंटची रीडिंग इथंच टाक, पुढचा पीसीबी त्यावरनं ठरवू.